कॉमिकचं मूळ पान: ओळखावं कसं आणि किंमत लावावी कशी

छापलेला कॉमिकचा अंक जमवणं वेगळं आणि ज्या पानावरून तो छापला गेला ते हातानं काढलेलं पान जमवणं वेगळं. अंकाच्या लाखभर प्रती असू शकतात. पान मात्र एकच असतं, म्हणून त्याला छापील किंमत नसते आणि दरपत्रकही नसतं. एकाच चित्राची पेन्सिलची आवृत्ती, शाईची आवृत्ती, रंगांचा नमुना, चित्रकारानं पुढे पुन्हा काढून दिलेली प्रत आणि साधी छापील नक्कल असे पाच-सहा अवतार बाजारात फिरतात. विक्रेत्याच्या वर्णनात या सगळ्यांना 'ओरिजिनल आर्ट' म्हटलेलं सापडतं. त्यामुळे आधी वस्तू ठरवायची आणि मगच भावाकडे वळायचं. इथे मुख्यतः अमेरिकन कॉमिक पुस्तकांचा विचार केला आहे, कारण सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त नोंदी असलेला बाजार तोच आहे.

१. हाताशी काय हवं

- पान ज्या अंकातलं म्हणून सांगितलं जातंय तो अंक, किंवा त्याचं स्वच्छ स्कॅन. मूळ छपाईच बघा. पुनर्मुद्रणात कधी रंग बदललेले असतात, कधी चित्रात दुरुस्त्या केलेल्या असतात.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग.
- इंचांची मोजपट्टी.
- बारीक झोताची विजेरी आणि एक अतिनील प्रकाशाची विजेरी.
- विक्रीच्या नोंदी टिपायला एक स्प्रेडशीट.
- कुठल्या अंकात कोणी काय काढलं हे तपासायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस. भावासाठी हेरिटेज, कॉमिकलिंक, कॉमिककनेक्ट यांसारख्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीच्या नोंदी. इतर संग्राहकांकडे काय आहे हे पाहायला कॉमिक आर्ट फॅन्स हे संकेतस्थळ.

२. वस्तूचा प्रकार ठरवा

सर्वांत जास्त पैसे याच पायरीवर चुकीच्या ठिकाणी जातात, म्हणून इथे घाई करू नका.

*प्रकाशित मूळ पान.* एका चित्रकाराची पेन्सिल, त्यावर त्याची स्वतःची किंवा दुसऱ्या इंकरची (शाई करणाऱ्याची) शाई, सगळं एकाच बोर्डावर, आणि त्यावरूनच अंक छापलेला. भाव ठरवताना हे पान पाया मानायचं आणि बाकीचे प्रकार त्याच्या तुलनेत मोजायचे. काही अपवाद सोडले तर ते काळं-पांढरंच असतं. रंगाचं काम पूर्वी वेगळ्या कागदावर व्हायचं, आता संगणकावर होतं. १९७०-८० च्या दशकातलं आतलं पान कोणी 'पूर्ण रंगीत मूळ' म्हणून दाखवत असेल तर पहिला संशय रंगांच्या नमुन्याचा घ्या.

*रंगांचा नमुना, म्हणजे कलर गाइड.* शाईच्या पानाची लहान केलेली फोटोप्रत आणि तिच्यावर रंगकारानं हातानं भरलेले रंग. रंगांच्या कडेला किंवा रंगांवरच Y, R, B या अक्षरांचे आणि आकड्यांचे बारीक संकेत लिहिलेले असतात. छापखान्याला पिवळा, लाल, निळा किती टक्के टाकायचा ते त्यातून कळायचं. वस्तू खरी असते आणि हाताची असते, पण तिच्यावरची रेषा छापील असते. मूळ पानाच्या मानानं किंमत फारच थोडी.

*ब्लूलाइनवरची शाई.* गेल्या वीसेक वर्षांत हा प्रकार सर्रास झाला आहे. पेन्सिलवाला पान स्कॅन करून पाठवतो. इंकर ते फिकट निळ्या रंगात कोऱ्या बोर्डावर छापतो आणि त्यावर शाई करतो. अशा वेळी मूळ पानं दोन होतात, एक फक्त पेन्सिलचं आणि एक फक्त शाईचं. शाईच्या पानाला पेन्सिलवाल्याचा हात लागलेलाही नसतो. जाहिरातीत मात्र त्याचंच नाव ठळक आणि इंकरचं बारीक असतं. भिंगातून निळी रेषा पाहा. छपाईची असेल तर ती बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, पेन्सिलची असेल तर कागदाच्या खरखरीत पोतावर घासलेली दिसते. विक्रेत्याला थेट विचारा: 'या बोर्डावर पेन्सिल आहे का?'

*डिजिटल काम.* पान पूर्णपणे पडद्यावर काढलेलं असेल तर मूळ पान अस्तित्वातच नसतं. 'जगात एकच प्रत' असं प्रमाणपत्र आणि सही असली तरी तो प्रिंटच. आवडला तर जरूर घ्या, पण प्रिंटच्या भावात.

*कच्चा आराखडा.* मुखपृष्ठाची रचना संपादकाला दाखवण्यासाठी केलेलं लहान, झटपट चित्र. प्रसिद्ध मुखपृष्ठांचे आराखडे चांगल्या भावाला जातात, आणि मूळ मुखपृष्ठ परवडत नसेल तर माझ्या मते पहिली पसंती यालाच द्यावी.

*मागणीवरून काढलेलं चित्र आणि पुनर्निर्मिती.* चाहत्याच्या सांगण्यावरून काढलेलं चित्र अंकात छापलेलं नसतं. पुनर्निर्मिती म्हणजे जुनं मुखपृष्ठ पुन्हा काढणं, कधी मूळ चित्रकाराकडून तर कधी दुसऱ्याच कोणाकडून. दोन्ही व्यवहार सचोटीचे असू शकतात. गडबड होते ती तिसऱ्या-चौथ्या विक्रीत, जेव्हा वर्णनातून 'पुनर्निर्मिती' हा शब्द गळून पडतो.

*छापखान्याचा माल.* फोटोस्टॅट (कॅमेऱ्यानं काढलेली प्रत), ॲसिटेट (पारदर्शक फिल्म), प्रूफ (चाचणीची छपाई). यांत हाताचं काम नसतं.

३. आकार आणि कागद मोजा

अमेरिकन कॉमिकची पानं १९६७ च्या सुमारापर्यंत मोठ्या आकारात काढली जात. चित्राचा भाग साधारण १२.५ × १८.५ इंच असे. त्यानंतर तो १० × १५ इंच झाला आणि बोर्ड ११ × १७ इंचांचा. हा बदल काही महिन्यांत, प्रकाशकाप्रमाणे मागेपुढे झाला. तरी १९६३ च्या अंकातलं म्हणून सांगितलेलं पान ११ × १७ च्या बोर्डावर असेल, तर तिथेच थांबायला हवं.

नंतरच्या काळात मोठे प्रकाशक निळ्या चौकटी छापलेले बोर्ड देऊ लागले. वरच्या समासात मालिकेचं नाव, अंक क्रमांक आणि पान क्रमांक भरायच्या जागा असतात. फिकट निळा छपाईच्या कॅमेऱ्यात उतरत नसे, म्हणून सूचनाही निळ्या पेन्सिलीनं लिहिल्या जात. १९६० च्या दशकातल्या पानांच्या मागे कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीचा) शिक्का बऱ्याचदा सापडतो. कोड १९५४ मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या पानावर हा शिक्का असायचं कारण नाही. शिक्का नसला म्हणून पान खोटं ठरत नाही.

संवादाचे फुगे पाहा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक अक्षरं बोर्डावरच हातानं लिहिलेली असत. पुढे अक्षरलेखन संगणकावर गेलं. त्यामुळे २००५ च्या पानावर फुगे नाहीत हे बरोबरच आहे. १९८० च्या पानावर मात्र फुगे नसतील तर त्याला कारण हवं. काही विक्रेते फुग्यांचा पारदर्शक कागद छापून नव्या पानावर ठेवतात. वाचायला तो बरा पडतो, भावात त्याला काही स्थान नाही.

आता अतिनील विजेरी. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकद्रव्यं १९५० च्या सुमारास वापरात आली. १९४० च्या दशकातलं म्हणवलेलं पान या प्रकाशात निळसर पांढरं झळाळलं तर ते त्या काळचं नाही. झळाळी बोर्डाची पाहा, चिकटवलेल्या तुकड्याची नको, कारण तुकडा नंतर लावलेला असू शकतो. आणि हे एकतर्फी आहे: झळाळी नाही म्हणून पान खरं, असा उलटा निष्कर्ष निघत नाही.

४. पृष्ठभाग वाचा, मग अंकाशी ताडून पाहा

विजेरी कागदाला जवळजवळ समांतर धरा. खऱ्या पानावर शाईचा हलका उंचवटा आणि वेगळी चमक दिसते, पेन्सिलीचे दाब उमटलेले दिसतात, पांढऱ्या रंगाच्या दुरुस्त्या उठून दिसतात. मोठे काळे भाग एकसारखे काळे नसतात, त्यांत ब्रशचे फटकारे असतात. काळं भरायचं आहे हे इंकरला कळावं म्हणून पेन्सिलवाला तिथे छोटी फुली मारायचा. ती शाईखालून कधीकधी डोकावते. भिंगाखाली सगळी रेषा सारख्या ठिपक्यांची झाली की ती छपाई समजा. पण राखाडी छटेसाठी चिकटवलेल्या झिपाटोनच्या फिल्मवरही ठिपकेच असतात. त्या फिल्मला कापलेली कड असते, आणि ती नखाला लागते.

आता पान अंकाशेजारी ठेवा. खोटं पान बहुधा छापील अंक मोठा करून, खाली दिवा ठेवून गिरवलेलं असतं, आणि तिथेच ते पकडलं जातं. छपाईत बारीक रेषा तुटतात, जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात, कडा कापल्या जातात. म्हणून खऱ्या पानात अंकापेक्षा *जास्त* तपशील हवा: कापल्या गेलेल्या कडेबाहेर चालू राहिलेली रेषा, छपाईत भरून गेलेल्या केसांमधली मोकळी जागा, झाकलेली पण न पुसलेली चूक. चित्र अंकाच्या कडेशीच बरोबर थांबत असेल आणि छपाईतला दोषही इमानेइतबारे उतरला असेल, तर ते गिरवलेलं आहे. गिरवलेल्या रेषेचा वेगही मंद असतो. जी ओढ एका झटक्यात यायला हवी तिथे हात कचरलेला दिसतो.

उलट, थोडा फरक आढळला म्हणून घाबरू नका. संपादकानं शेवटच्या क्षणी चेहरा बदलून घेतला, वाक्य बदललं, तर दुरुस्तीचा तुकडा वर चिकटवला जायचा. रबर सिमेंट हा गोंद सुकून असे तुकडे गळून पडतात आणि तपकिरी डाग मागे राहतात. मुखपृष्ठावरचं मालिकेचं नाव तर बहुतेकदा चिकटवलेलंच असे. आज ज्या जुन्या मुखपृष्ठांवर ते आहे, त्यांतली बरीच नावं नंतर नव्यानं छापून लावलेली आहेत. यात लबाडी नाही, फक्त वर्णनात तसं लिहिलेलं हवं.

स्केचच्या बाबतीत पडताळायला छापील अंकच नसतो, म्हणून बनावट माल तिथे सर्वांत जास्त. सही केलेलं, लहानसं, लोकप्रिय पात्राचं, 'जुन्या घरातल्या सामानात सापडलेलं' स्केच दिसलं की पुढे चला. 'पीनट्स'चे चार्ल्स शुल्झ आणि बॅटमॅनचे बॉब केन यांच्या नावावर असला माल भरपूर फिरतो.

५. हात कोणाचा ते ठरवा

अंकावर छापलेलं नाव ही सुरुवात, पुरावा नव्हे. बॅटमॅनच्या सुरुवातीच्या कथांवर बॉब केनचं नाव असे, पण काढणारे बरेचदा इतर चित्रकार असत. डेटाबेसमधले टिपण वाचा, तिथे पानागणिक श्रेय बदललेलं सापडतं. इंकर कोण हे तितकंच पाहा. त्याच पेन्सिलवाल्याचं, त्याच वर्षीचं पान चांगल्या इंकरच्या हाताखाली वेगळ्या भावाला जातं, आणि डोळ्यांनाही ते पटतं.

६. पान बाहेर कसं आलं ते विचारा

प्रकाशक पूर्वी मूळ पानं परत देत नसत. कितीतरी फेकली गेली, वाटली गेली, चोरीला गेली. चित्रकारांना पानं परत देण्याची पद्धत मोठ्या प्रकाशकांकडे १९७० च्या दशकात रुजली. चित्रकार जॅक किर्बी यांना त्यांनी मार्व्हलसाठी काढलेल्या हजारो पानांपैकी दोनेक हजार १९८७ मध्ये परत मिळाली, तीही मोठ्या वादानंतर. उलट इसी कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स यांनी पानं जपून ठेवली, म्हणून त्या प्रकाशनाचं काम आज चांगल्या अवस्थेत मिळतं. 'अमेझिंग फँटसी' १५ ची, म्हणजे स्पायडरमॅनच्या पहिल्या अंकाची, स्टीव्ह डिटको यांनी काढलेली पानं २००८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली. त्यातलं एखादं पान कोणी विकायला काढलं तर बोलणंच संपलं.

१९७० च्या आधीच्या पानांची साखळी पूर्ण मिळणं दुर्मीळ आहे आणि बाजारानं ते बऱ्याच अंशी स्वीकारलेलं आहे. तरी महागाच्या पानासाठी आधीच्या लिलावाची नोंद किंवा आधीच्या मालकाचं पत्र मागाच.

७. किंमत बांधा

दरपत्रक नसल्यामुळे किंमत तुलनेवरून काढावी लागते. स्प्रेडशीटमध्ये हे रकाने करा: विक्रीची तारीख, लिलावघर, मिळालेली किंमत, अंक, पान, पेन्सिल, शाई, मुख्य पात्र पोशाखात आहे का, किती चौकटींत आहे, किती मोठं आहे, दोष. शक्यतो गेल्या तीन वर्षांतल्या, त्याच पेन्सिल-शाईच्या जोडीच्या, त्याच मालिकेच्या नोंदी घ्या. फक्त *झालेल्या* विक्री लिहा. विक्रेत्याच्या दालनात चार वर्षं लटकलेला भाव एवढंच सांगतो की त्या भावाला कोणी घेतलं नाही.

उतरंड साधारण अशी: मुखपृष्ठ, पूर्ण पानाचं स्प्लॅश (चौकटींऐवजी एकच मोठं चित्र), अर्ध्या पानाचं स्प्लॅश, पोशाखातल्या नायकाची हाणामारी असलेलं चौकटींचं पान, आणि सर्वांत खाली साध्या कपड्यातल्या माणसांनी बोलत बसलेलं पान. पण प्रसंगापुढे ही उतरंडही मोडते. २०२२ च्या जानेवारीत हेरिटेजमध्ये ३३.६ लाख डॉलरना गेलेलं 'सीक्रेट वॉर्स' ८ चं माइक झेक यांचं पान मुखपृष्ठ नव्हतं, आतलं पंचविसावं पान होतं. स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख चढतो तो प्रसंग त्यावर आहे. 'इन्क्रेडिबल हल्क' १८० चं शेवटचं पान २०१४ मध्ये ६,५७,२५० डॉलरना गेलं, कारण वुल्व्हरिन पहिल्यांदा तिथे दिसतो. अंकाच्या प्रतीला चुण्या पडल्या की भाव कोसळतो. मूळ पानाच्या बाबतीत तसं होत नाही: पिवळा कागद, समासातली टिपणं, कोपऱ्याला पिन हे सगळं खपतं. पानावर काय काढलं आहे, यालाच पैसे मोजले जातात.

एक नमुना हिशेब करू, आकडे समजुतीपुरते. एका मालिकेची पोशाखातल्या नायकाची तीन पानं १,५००, १,६५० आणि १,७०० डॉलरना गेली आहेत. नुसत्या बोलण्याची दोन पानं ६०० आणि ७५० ला, आणि अर्धं स्प्लॅश ४,२०० ला. तुमच्यासमोरच्या पानात नायक एकाच चौकटीत आहे, लहान, पाठमोरा. बाकी खलनायकांची खलबतं. विक्रेता १,६०० मागतो आणि पुरावा म्हणून पोशाखाच्या पानांकडे बोट दाखवतो. पण हे पान बोलण्याच्या पानांचा थोडा वरचा भाऊ आहे. ८०० ते ९०० च्या पुढे जायचं कारण नाही. सरासरी काढली असती तर हा आकडा १,७०० च्या वर गेला असता. सगळ्या नोंदींची सरासरी कधीच काढू नका.

खुद्द तेच पान आधी विकलं गेलं होतं का तेही शोधा. वर्षभरापूर्वी विकलेलं पान दुप्पट भावानं परत आलं असेल तर घासाघीस करायला तुम्हाला जागा आहे. चित्रपटाची घोषणा झाल्या झाल्या घेणं टाळा.

८. लिलावाच्या आकड्यातून कमिशन वेगळं करा

हेरिटेजसारखं लिलावघर जो आकडा छापतं त्यात खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन मिळवलेलं असतं. वर सांगितलेलं हल्कचं पान आणि २०१२ मध्ये विकलेलं 'अमेझिंग स्पायडरमॅन' ३२८ चं टॉड मॅकफार्लेन यांचं मुखपृष्ठ, दोन्हींची किंमत डॉलरपर्यंत सारखी आहे: ६,५७,२५०. दोन्ही बोल्या साडेपाच लाखांवर थांबल्या आणि त्यावर १९.५ टक्के चढले, बोली ठरावीक टप्प्यांनी वाढत असल्यानं असे योग जुळतात. झेकच्या पानाची बोली २८ लाखांची, त्यावर २० टक्के.

हे तुमच्या कामाचं असं: कमिशन २० टक्के धरलं तर नोंदीत १,२०० दिसतं तेव्हा बोली १,००० असते, आणि विक्रेत्याकडून १० टक्के कापले गेले तर त्याच्या हाती ९०० पडतात. खासगी व्यवहारात ९०० आणि १,२०० यांच्या मधला कुठलाही भाव दोघांच्या फायद्याचा. लिलावात बोलताना उलट हिशेब करा: एकूण १,२०० पेक्षा जास्त द्यायचे नसतील तर बोली १,००० वर थांबवा, आणि पाठवणी, विमा, कर धरायचे असतील तर त्याच्याही खाली.

९. पैसे देण्याआधी हे लेखी घ्या

- पुढची आणि *मागची* बाजू, किमान ३०० डीपीआयचं स्कॅन. मागची बाजू द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.
- पावती, आणि तिच्यावर मालिका, अंक, पान क्रमांक, पेन्सिल कोणाची, शाई कोणाची, 'एकाच बोर्डावर पेन्सिल व शाई, प्रकाशित मूळ पान' असं स्पष्ट वर्णन.
- नवं चिकटवलेलं नाव, बदललेले फुगे, पुन्हा शाई केलेले भाग यांची यादी.
- पान खरं नाही असं ठरल्यास पैसे परत, मुदतीसह.
- विमा उतरवलेली पाठवणी. पान दोन ताठ नालीदार पुठ्ठ्यांमध्ये, पुठ्ठ्यांच्या आतल्या नाल्या एकमेकींना आडव्या. गुंडाळी करून नळकांड्यात घालू देऊ नका.
- देशाबाहेरून येत असेल तर सीमाशुल्क किती लागेल याचं उत्तर आधीच.

पान तुमचं झालं तरी त्यातल्या चित्राचे छपाईचे हक्क तुमचे होत नाहीत. त्याचे प्रिंट काढून विकता येणार नाहीत.

१०. घरी आल्यावर

आम्लमुक्त पाठीसह पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट शाईला चिकटू शकतं. लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, बोर्डाला कायमचं चिकटवणं नाही. भिंतीवर लावायचं असेल तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक आणि त्याचा पानाला स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट. काळी शाई टिकते, पण मार्करनं केलेली रंगीत चित्रं उजेडात लवकर फिकी पडतात. ती चोपडीतच बरी. सैल झालेला फुगा किंवा नावाचा तुकडा स्वतः गोंद लावून बसवू नका. पाकिटात पानाच्या मागे ठेवून द्या आणि पुढे विकताना त्याच्यासकट द्या.